वाइनच्या द्राक्षाला माळ निवडताना: शेताचं नाव, खड्ड्यातली माती आणि वाइनचा गुण

सोलापूर जिल्ह्याला द्राक्ष नवं नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉम्पसन जातीतून लांब मण्याची 'सोनाका' निवडली, आणि पंढरपूर तालुक्यातल्या कासेगावची ओळखच द्राक्ष आणि बेदाण्याची आहे. त्यामुळे इथल्या बागायतदाराला छाटणी, सबकेन (शेंडा खुडून घेतलेली उपकाडी), केवडा आणि भुरी हे रोग शिकवावे लागत नाहीत. चूक होते ती जागा निवडताना. खाण्याच्या द्राक्षाला ज्या जमिनीला आपण 'एक नंबर' म्हणतो, तिथं वाइनचं द्राक्ष बहुतेक वेळा फसतं. वेल माजते, मणी फुगतो, सालीचा रंग फिका पडतो आणि रसाचा पीएच इतका चढतो की तो खाली आणायला वाइनरीत टार्टारिक आम्ल घालावं लागतं.

वाइनच्या द्राक्षाला माळ लागतो, पण दिसला माळ की लावली बाग असंही चालत नाही. माळशिरस तालुक्यात मोटेवाडी, गारवाड, निमगाव या भागात २००७च्या सुमारास 'फ्राटेली' या वाइन कंपनीची लागवड सुरू झाली (इटालियनमध्ये फ्राटेली म्हणजे भाऊ). इटलीची सांजोव्हेसे ही जात भीमा-नीरेच्या पट्ट्यात पिकते, हे त्या लागवडीमुळे डोळ्यांसमोर आहे. पण तालुका तोच असला तरी एका बांधाच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन वेगळी निघते. ती कशी ओळखायची, ते पुढे क्रमानं दिलं आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. काळ्या पाषाणाची किंवा चुनखडीची चव मुळं शोषून मण्यात नेत नाहीत. माती ठरवते ते वेगळंच: वेलीला पाणी किती आणि केव्हा मिळणार, मुळांना हवा मिळणार का, पोटॅश किती उचललं जाणार आणि पाऊस पडल्यावर किती दिवसांनी फवारणीचा ट्रॅक्टर आत जाणार. वाइनचा गुण या चार गोष्टींतून घडतो. पुढच्या सगळ्या तपासण्या त्यावरच बेतलेल्या आहेत.

आधी करार, मग खड्डा

वाइनच्या जातींचा मणी लहान, बियांचा आणि जाड सालीचा असतो. तो मार्केट यार्डात कोणी घेत नाही आणि त्याचा विकण्याजोगा बेदाणाही होत नाही. गिऱ्हाईक एकच, वाइनरी. म्हणून लागवडीआधी लेखी करार करा आणि त्यात या गोष्टी नावानिशी येऊ द्या: जात आणि खुंट (ज्या वेलीच्या मुळांवर कलम करतात ती), ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) व पीएचच्या मर्यादा, एकरी उत्पादनाची कमाल मर्यादा, तोडणीची तारीख कोण ठरवणार, तोडणीला उशीर झाल्यास वजनातली घट कोणाच्या माथी, वाहतूक कोणाची. उशिराची अट बहुतेकजण विसरतात. फेब्रुवारीच्या उन्हात तोडणी आठवडाभर लांबली तर मण्यातलं पाणी उडतं, ब्रिक्स वाढतो आणि वजन घटतं. पैसे वजनावर मिळणार असतील तर तो तोटा शेतकऱ्याचा होतो.

सातबाऱ्यावरचं नाव वाचा

गाव नमुना सातवर 'शेताचे स्थानिक नाव' अशी एक जागा असते. आपण क्षेत्र, आकार, इतर हक्क पाहतो आणि ही ओळ सोडून देतो. जागा पारखायची सुरुवात तिथून करा. तिथं काही लिहिलेलं नसेल तर गावातल्या जुन्या माणसांना विचारा, कारण शिवारातल्या प्रत्येक तुकड्याला नाव असतंच आणि ते बहुधा जमिनीच्या स्वभावावरून पडलेलं असतं.

'माळ', 'बरड', 'खडकी' ही नावं उथळ, निचऱ्याच्या जमिनीची. अशा नावाचं शेत पहिल्या यादीत घ्या. 'मळई' किंवा 'मळी' म्हणजे नदीनं आणून टाकलेला गाळ. ऊस तिथं उत्तम येतो, वाइनचं द्राक्ष नाही. 'चोपण' (सोडियम साचून घट्ट झालेली जमीन) आणि 'खारी' ही नावं सरळ धोक्याची. 'लवण' या नावाशी जरा थांबा. संस्कृतात लवण म्हणजे मीठ, म्हणून शेत खारं असावं असं वाटतं. पण शिवारातली लवण म्हणजे दोन चढांमधली खोलगट जागा. तिथं पाणी उतरतं, थंडीत गार हवा साचते आणि सकाळी उशिरापर्यंत दव राहतं. उतारावरून धुऊन आलेले क्षारही तिथंच साठतात, त्यामुळे बऱ्याच लवणांना दोन्ही अर्थ लागू पडतात.

'पांढरी' हे नाव सगळ्यांत जास्त फसवतं. गावाची वस्ती ती पांढरी आणि शेती ती काळी, ही आपली जुनी वाटणी. शेताला पांढरी म्हणत असतील तर तिथं कधीकाळी वस्ती असण्याची शक्यता मोठी. अशा मातीत राख, हाडं, खापरं आणि चुना मिसळलेला असतो, स्फुरद भरपूर असतं आणि दर दहा पावलांवर माती बदलते. उलट 'पानमळा' हे नाव ऐकलं तर तिथल्या विहिरीचं पाणी आधी तपासा. पानवेलीला खारं पाणी आणि साचलेलं पाणी दोन्ही सोसत नाही. मागच्या पिढ्यांनी ज्या जागी पानं पिकवली, तिथं निदान तेव्हा तरी गोडं पाणी आणि निचरा होता. 'चुनभट्टी', 'चुनखडी' या नावांबद्दल वेगळं सांगायला नको.

आडनावावरून पडलेलं नाव, देवाचं नाव, इनामाचं नाव मातीबद्दल काही बोलत नाही. तिथं आकाराकडे वळा.

सातबाऱ्यावरचा आकार, म्हणजे सारा, हा मुळात मातीचा निकाल आहे. १८३०च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात साऱ्याच्या ज्या पाहणीची घडी बसवली, तिच्यात जमिनीची खोली आणि रंग पाहून आण्यांत प्रत ठरवत. पावणेदोन हात खोल, एकसारखी काळी जमीन ती सोळा आणे. खोली कमी झाली, रंग तांबूस झाला, मुरूम लागला की आणे उतरत. मातीत चुनखडीचे खडे, रेती, उतार, पाणी न जिरणं, झऱ्याची ओल असे दोष असतील तर प्रत आणखी खाली जाई. म्हणून एकाच गावातल्या जिरायत गटांचा हेक्टरी आकार काढून तुलना करा (दोन गावांची तुलना करू नका, दर वेगळे असतात). ज्वारीसाठी ज्याला त्या पाहणीनं वरचे आणे दिले, ते शेत वाइनसाठी बाजूला ठेवा. मधल्या आणि खालच्या आकाराचे गट बघायला जा. फार खाली, सोबत मोठा पोटखराबा, असं असेल तर दगडी पडदा वर आलेला असतो.

मंगळवेढ्याची ज्वारी ज्या मातीमुळे नावारूपाला आली, ती माती इथं नकोशी आहे. ती पावसाळ्यातलं पाणी पोटात धरते आणि मार्चपर्यंत पुरवते. मालदांडी ज्वारीला ते वरदान ठरतं. कॅबर्ने या लाल वाइनच्या जातीला मात्र मणी रंगायच्या वेळी थोडी तहान लागावी लागते, आणि ती माती तहान लागूच देत नाही.

शेतात चालताना

मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबरात मोठा पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी एकदा, असं दोनदा जा. मे महिन्यात जमिनीच्या भेगा बघा. भेगेत हात मनगटाच्या वर जात असेल तर माती फुगणारी, चिकणमातीची आहे. मुळं दर वर्षी तुटणार आणि पावसात हवेवाचून कोंडणार. तरवड आणि कुसळी गवत असेल तर खाली मुरूम जवळ आहे. कुंदा असेल तर काळी खोल आहे. लव्हाळा दिसला तिथं ओल थांबते. पांढरा पापुद्रा आणि खुरटी हरळी एवढंच असेल तर परत फिरा.

सप्टेंबरातल्या फेरीत पाणी कुठं उभं आहे ते बघा आणि बूट किती जड होतात ते बघा. जिल्ह्याचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, नेमका फळछाटणीच्या तोंडावर येतो. मुरमाड माळावर पावसाच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चालतो. भारी काळीत तीन-चार दिवस जाता येत नाही, तेवढ्यात केवडा घडावर बसतो. हलका, एक ते तीन टक्के उतार असलेला मधला टप्पा सगळ्यांत चांगला. अगदी माथ्यावर वारा जास्त आणि माती कमी, तळाशी दव आणि क्षार.

खड्डा: चार फूट, तीन ठिकाणी

दोन एकरांच्या तुकड्यात किमान तीन खड्डे घ्या: वर, मध्ये, खाली. प्रत्येक तीन फूट लांब-रुंद आणि चार फूट खोल. जेसीबीनं घेतले तर एक बाजू खोऱ्यानं साफ तासून घ्या, कारण बकेटनं थर लिंपले जातात आणि काहीच कळत नाही.

साफ केलेल्या बाजूला टेप लावा आणि वरून खाली लिहीत जा. मातीचा रंग कुठं बदलतो? गवताची मुळं कुठपर्यंत गेली आहेत? चुन्याचे पांढरे खडे किती इंचांवर सुरू होतात? मुरूम किती खोल आहे आणि तो टिकावानं फुटतो का? दीड ते तीन फूट माती आणि खाली टिकावाला दाद देणारा, भेगांचा मुरूम, ही वाइनसाठी हवी तशी रचना. मुरमाच्या भेगांत मुळं उतरतात, जास्तीचं पाणी निघून जातं आणि उन्हाळ्यात थोडी ओल मिळत राहते. फुटाच्या आतच एकसंध पाषाण लागला तर सोडून द्या. चुनखडीचा सलग, पाटीसारखा थर लागला तरी तेच. तो फोडला नाही तर मुळं त्याच्यावर आडवी पसरतात आणि ठिबक एक दिवस बंद पडलं तरी वेल कोमेजते.

निचऱ्यासाठी खड्ड्याच्या तळाशी पहारीनं एक फुटाचं भोक करून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते मोजा. पहिल्या वेळचा आकडा धरू नका, कोरडी माती पाणी पिऊन टाकते. तासाला एक सेंटिमीटरही उतरलं नाही तर तिथं चर काढल्याशिवाय लागवड नको.

प्रत्येक खड्ड्यातून ०–१, १–२ आणि २–३ फूट असे तीन वेगळे नमुने घ्या, अर्धा-अर्धा किलो, वेगळ्या कापडी पिशव्यांत. तिन्ही थर एकत्र मिसळून एकच नमुना देण्याची सवय इथं घातक आहे. वरचा थर निर्दोष आणि दोन फुटांवर चोपण, असं आपल्याकडे वारंवार निघतं, आणि वेल तिसऱ्या वर्षी तिथं पोचते. प्रयोगशाळेला पीएच, ईसी (क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये), मुक्त चुना, सेंद्रिय कर्ब, पोटॅश, विनिमययोग्य सोडियम एवढं नाव घेऊन मागा. पीएच ६.५ ते ८ असेल तर ठीक, साडेआठच्या पुढे नको. ईसी १च्या आत. सोडियमचं प्रमाण १५ टक्क्यांवर गेलं की ती जमीन व्याख्येनंच चोपण, पण द्राक्षाला त्याच्या बऱ्याच आधी त्रास सुरू होतो.

चुना, आणि गंधकाचा हिशोब

चुन्यासाठी प्रयोगशाळेची वाट बघायची गरज नाही. ठिबकची नळी साफ करायला वापरतो तेच हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या. दोन भाग पाण्यात एक भाग आम्ल सोडा. उलटं, आम्लात पाणी, कधीही ओतू नका. हातमोजे आणि चष्मा घालून खड्ड्याच्या बाजूला दर सहा इंचांवर थेंब टाका. काही झालं नाही तर चुना नगण्य. बुडबुडे दिसले तर साधारण दोन ते दहा टक्के. फेस उसळला तर दहा टक्क्यांच्या वर.

दहाच्या वर गेल्यावर कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह जमिनीत असतं, पण वेलीला मिळत नाही. मग कोणीतरी 'गंधक टाका, चुना जाईल' असं सांगतं. हिशोब करून बघा. एका एकरातल्या एक फूट थराचं वजन सुमारे साडेसतराशे टन. त्यातला एक टक्का चुना म्हणजे साडेसतरा टन. तो विरघळवायला साडेपाच टनांहून जास्त गंधक लागेल, तेही फक्त एका टक्क्यासाठी आणि एका फुटासाठी. एकरी पन्नास-शंभर किलो गंधकानं मुळाजवळची माती थोडे दिवस सुधारते, वेलीला लोह-जस्त उचलायला मदत होते, आणि तेवढ्यासाठी ते जरूर वापरा. पण चुना जात नाही. चुनखडीच्या जमिनीवर खरा उपाय खुंटाचा आहे.

पाणी तपासा, मे महिन्यातलं

विहीर किंवा बोअरचा नमुना मे महिन्यात घ्या, पाणी सर्वांत खारं असतं तेव्हा. पंप अर्धा तास चालवून मग बाटली भरा. उजनीच्या किंवा नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर भरवसा असेल तरी पाळी लांबली की बोअरच चालवावं लागतं, हे धरून चला.

ईसी १च्या आत असेल तर निर्धास्त, १ ते २ असेल तर खुंट आणि निचरा पाहून, त्यापुढे नको. अवशिष्ट सोडियम कार्बोनेट (अहवालात आरएससी) १.२५ मिलिइक्विव्हॅलंटच्या आत सुरक्षित, अडीचच्या वर अयोग्य. आरएससी जास्त असलेलं पाणी चांगल्या जमिनीचीही हळूहळू चोपण करतं.

ईसी १.५ हा आकडा कागदावर लहान दिसतो. लिटरमागे साधारण एक ग्रॅम क्षार. एकराला वर्षभरात सोळा लाख लिटर पाणी दिलं तर दीड टन क्षार जमिनीत ओतले. मुरमाड उतारावर सप्टेंबरचा पाऊस ते धुऊन नेतो. काळीत ते तिथंच राहतात. मातीतून बाटलीपर्यंत खरोखर पोचणारी चव असेल तर ती हीच: सोडियम आणि क्लोराइड मण्यात साठतात आणि वाइन मचूळ, खारट लागते. लाल वाइनमध्ये जास्त, कारण ती सालीसकट आंबवतात. पानांच्या कडा एप्रिल छाटणीनंतर जळायला लागल्या तर हाच दोष आधी तपासा.

खुंट

आपल्याकडच्या बागा मुख्यतः डॉगरिजवर आहेत. टेक्सासमधल्या डॉग रिज नावाच्या टेकडीच्या भागातून निवडलेली ही रानवेल जोमदार आहे आणि अवर्षणात खाण्याच्या द्राक्षाला तिनं तारलं. वाइनसाठी मात्र तिचे दोन दोष मोठे. ती वेल माजवते, आणि पोटॅश भरभरून उचलते. बेसॉल्टच्या काळ्या मातीत पोटॅश मुळातच भरपूर. ते रसात गेलं की टार्टारिक आम्लातल्या हायड्रोजनची जागा घेतं, आम्ल क्षार होऊन तळाशी बसतं आणि पीएच चढतो. जास्त पीएचची लाल वाइन विटकरी, मंद आणि लवकर बिघडणारी होते. खाण्याच्या द्राक्षाला गोडी येण्यासाठी शेवटी ०:०:५० हे पोटॅशचं खत सोडण्याची सवय इथं आणू नका. छाटणीनंतर देठपरीक्षण करून, कमी निघालं तरच द्या.

मध्यम खोलीच्या मुरमाड जमिनीला ११०आर पहिली पसंती. जोम आटोक्यात, अवर्षण सोसतो. पाणी खारं असेल तर ११०३ पॉलसन. चुना जास्त असेल तर १४० रुगेरी, पण तो जोमदार आहे, म्हणून उथळ, हलक्या जमिनीवरच. रिश्टर (११०आरमधला आर), पॉलसन, रुगेरी ही खुंट तयार करणाऱ्यांची आडनावं आहेत. त्यातले शेवटचे दोघे सिसिलीत काम करत. चुनखडीचं कोरडं, तापट बेट हीच त्यांची परीक्षेची जागा होती, आणि आपल्या माळाला त्यांचे खुंट जुळतात त्याचं कारण तेच.

खुंटाची काडी कुठून आणता ते महत्त्वाचं. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून किंवा तिथून मातृवेली घेतलेल्या रोपवाटिकेकडून, बिल आणि जातीच्या उल्लेखासह घ्या. ११०आर म्हणून डॉगरिज मिळाला तर ते वेल माजल्यावर कळतं, तोवर दोन वर्षं गेलेली असतात. खुंट जानेवारी-फेब्रुवारीत लावावा, कलम ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत भरावं, जमिनीपासून नऊ-दहा इंचांवर.

जात आणि मांडणी

सोलापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, नाशिक त्याहून उंच आणि थंड. म्हणून नाशिकची यादी तशीच उचलू नका. लालमध्ये शिराज, कॅबर्ने सॉव्हिन्यों आणि सांजोव्हेसे, पांढऱ्यात शेनिन ब्लाँ. सॉव्हिन्यों ब्लाँचा हिरवट सुगंध उन्हात उडतो, ती लावायचीच तर लवकर तोडणीच्या तयारीनं. शिराज नावावरून इराणची वाटते, पण १९९८ साली डीएनए तपासणीत तिचे आईबाप आग्नेय फ्रान्समधले निघाले. कॅबर्नेच्या नावातला सॉव्हिन्यों तर खरोखरच नात्याचा आहे, कॅबर्ने फ्राँ आणि सॉव्हिन्यों ब्लाँ यांच्या संकरातून ती झाली.

अंतर ८ × ४ फूट ठेवलं तर एकरी १,३६१ वेली बसतात. एकरी पाच टनांची मर्यादा धरली तर वेलीवर साडेतीन-पावणेचार किलो, त्यापुढचे घड मणी रंगण्याआधी काढून टाकायचे. ओळी उत्तर-दक्षिण. पहाटेकडच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूची घडाभोवतीची पानं काढा, पश्चिमेची ठेवा. दुपारी तीनचं ऊन फेब्रुवारीतही मणी भाजतं. जीएची (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाची) बुडवणी अजिबात नको, मणी मोठा झाला की सालीचं प्रमाण घटतं.

छाटणीची तारीख मागून मोजा

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गार असतात, मार्चमध्ये ऊन पस्तिशीच्या पुढे जातं. मण्यातलं मॅलिक आम्ल त्या उन्हात झपाट्यानं जळतं. म्हणून तोडणी फेब्रुवारीत बसवा आणि तिथून मागे मोजा. कॅबर्नेला छाटणीपासून साधारण १४५ दिवस. २५ सप्टेंबरला छाटली तर १७ फेब्रुवारी, २० ऑक्टोबरला छाटली तर १४ मार्च. शेतावर छाटणीत पंचवीस दिवसांचा फरक, बाटलीत पिकलेल्या जांभळासारख्या ताज्या वाइनऐवजी मुरंब्यासारखी, जड, दारूचा चटका लागणारी वाइन.

पण सप्टेंबरअखेर छाटायचं म्हणजे परतीचा पाऊस पोंग्यावर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, झेलायचा. ते धाडस माळावर करता येतं, काळीत करता येत नाही. सुरुवातीला ट्रॅक्टर आत जाण्याचा मुद्दा काढला तो यासाठी. मातीचा वाइनवरचा सर्वांत मोठा परिणाम या एका तारखेतून होतो.

काय निघेल, आणि ते कसं पडताळायचं

मुरमाड, दोन फुटी जमीन, ११०आर खुंट: मणी लहान, साल जाड, रंग गडद, टॅनिन (सालीतला तुरट अंश) भक्कम. पहिली तीन-चार वर्षं वाइन थोडी कडक लागते. मध्यम काळी: मऊ, गोलसर, लवकर पिण्याजोगी, रंग मध्यम. शेनिनला ही चालते. खोल काळी: वेलीचा शेंडा मणी रंगतानाही वाढत राहतो, पानांची सावली पडते, आणि कॅबर्नेला हिरव्या ढोबळ्या मिरचीचा वास राहतो. चुनखडीची जमीन: जोम आपोआप कमी, मणी लहान. पण लोह कमी पडून पानं पिवळी पडली तर साखरच भरत नाही, तेव्हा 'चुन्याची वाइन उंची असते' हे ऐकून मुद्दाम चुना शोधू नका.

मणी रंगल्यावर ओळींतून दर चौथ्या दिवशी नमुना घ्या: दोनशे मणी, दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-मधले-खालचे, वेगवेगळ्या वेलींचे. कडेच्या ओळी सोडा. रस एकत्र करून ब्रिक्स आणि पीएच दोन्ही मोजा. रिफ्रॅक्टोमीटर खिशात असतो म्हणून फक्त ब्रिक्सवर जाणं ही नेहमीची चूक आहे. पांढऱ्याला २० ते २१.५ ब्रिक्स, पीएच ३.२ ते ३.४. लालला २३ ते २४.५ ब्रिक्स, पीएच ३.५ ते ३.६५. ब्रिक्स २२ असताना पीएच ३.७ गेला असेल तर थांबून काही मिळत नाही, तोडा आणि कारण पोटॅशमध्ये शोधा. बी चावून पाहा: हिरवी आणि तुरट असेल तर लाल अजून कच्चं, तपकिरी आणि कुरकुरीत झाली की तयार.

वरचा आणि खालचा खड्डा वेगळा निघाला असेल तर नमुनेही वेगळे घ्या आणि तोडणीही वेगळी करा. माळाचा टप्पा सहसा खालच्यापेक्षा काही दिवस आधी येतो. दोन्ही एकाच दिवशी तोडून मिसळले की अर्धं जास्त पिकलेलं आणि अर्धं कच्चं असं टाकीत जातं. वाइनरीला विनंती करून पहिल्या वर्षी दोन्ही टप्प्यांचा रस छोट्या टाक्यांत वेगळा आंबवून घ्या. घरी करून बघू नका, त्याला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

तोडणी पहाटे चारला सुरू करून नऊला थांबवा. क्रेट पंधरा-सोळा किलोच्या वर भरू नका, खालचे मणी फुटून रस वाटेतच आंबायला लागतो. प्रत्येक क्रेटवर गट नंबराच्या जोडीला टप्प्याचं स्थानिक नाव लिहा, 'बरड' किंवा 'लवण', आणि वाइनरीच्या पावतीवरही तेच नाव, ब्रिक्स, पीएच आणि तोडणीची वेळ चढवून घ्या. तीन हंगामांच्या पावत्या शेजारी ठेवल्या की कोणता टप्पा राखायचा आणि कोणत्या टप्प्यावर पुन्हा ज्वारी घ्यायची, हे त्यातून ठरवता येतं.